परीक्षकबाईंना दिलेली बांगडी

तोंडी परीक्षेत रुवैदा पहिल्यांदा नापास झाली ती इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही. परीक्षकाच्या आईची तब्येत विचारत बसली म्हणून.

हे मला तिनेच सांगितलं, शिक्षकखोलीत रॉकेलच्या शेगडीवर हात शेकत. परीक्षा करकला, आमच्या जिल्ह्याच्या शहरात होती. समोर एक म्हातारा इंग्रज, टेबलावर आवाज टिपणारं यंत्र, आणि वेळ तीन मिनिटं. विषय दिला होता ‘माझं काम’. रुवैदाने आत जाऊन सलाम केला. मग कसे आहात, घरचे कसे आहेत, आई आहे ना, तिची तब्येत कशी, रस्त्यात त्रास नाही ना झाला, आमच्याकडची थंडी सोसते ना, असं सगळं रीतसर विचारलं. म्हातारा दर वेळी एका शब्दात उत्तर द्यायचा. त्यामुळे हिला वाटलं, याच्या घरी काहीतरी बिनसलंय. म्हणून तिने आणखी दोन-तीन प्रश्न आपुलकीने विचारले. मग अल्लाचे आभार मानून ‘माझं काम’ असं म्हणते न म्हणते तोच घंटी वाजली.

“तीन मिनिटं?” मी म्हटलं. “तीन मिनिटांत माझी सासू उंबरासुद्धा ओलांडत नाही.”

“तेच तर,” रुवैदा म्हणाली आणि चहाचा पेला तोंडाला न लावताच खाली ठेवला.

निकालाच्या कागदावर एकच ओळ होती, ‘उमेदवार विषयावर बोलल्या नाहीत.’ आमच्या मुख्याध्यापिका सित्त फद्वा, म्हणजे फद्वाबाई, यांनी ती ओळ सगळ्या शिक्षकखोलीला वाचून दाखवली. त्यांना दुसऱ्याची पत्रं मोठ्याने वाचायची हौस आहे, आणि त्याबद्दल मी त्यांना कधी माफ करणार नाही.

मी इन्शिराह, म्हणजे सुहैबची आई, म्हणून सगळे मला उम्म सुहैब म्हणतात. करकच्या वरच्या अंगाला, वाऱ्याला कधी सुट्टी नसते अशा एका गावात मुलींच्या शाळेत मी गणित शिकवते. रुवैदा म्हणजे उम्म लैस. ती इंग्रजी शिकवते. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

आता खरं सांगायचं तर ती इंग्रजी शिकवायची ती अरबीतून. आमच्याकडे बहुतेक जण असंच शिकवतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. फळ्यावर इंग्रजी वाक्य, तोंडात अरबी. कर्ता कुठला, क्रियापद कुठलं, सगळं इतकं चोख की तिच्या मुली लेखी परीक्षेत जिल्ह्यात पहिल्या यायच्या. पण वर्गात कुणी इंग्रजीत बोलायचं नाही. मुली नाहीत आणि बाईही नाहीत. कारण रुवैदाला चूक सहन होत नव्हती, स्वतःची तर मुळीच नाही. आमच्या जिभेला ‘प’ येत नाही, त्याचा ‘ब’ होतो. सगळ्यांचा होतो आणि कुणाचं काही अडत नाही. पण ही बाई एकटी असताना ओठांपुढे कागदाचा कपटा धरून ‘प’ म्हणायची आणि कपटा हलला नाही की स्वतःवर चिडायची. अशी माणसं लिहितात सुंदर आणि बोलताना मुकी होतात.

आणि मग शिक्षणखात्याचा फतवा निघाला की इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षिकेने तोंडी परीक्षा द्यावी. संधी दोन. दोन्ही वेळा नापास झाली तर तिचे वर्ग काढून घेणार आणि तिला करकच्या पुस्तकांच्या गोदामात बसवणार. पगार तोच, काम गठ्ठे मोजायचं. काही जणींनी तर हात वर करून आभार मानले असते. रुवैदाचं तसं नव्हतं. तिच्या बापाची मेंढरं होती. मेंढरांच्या औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं गिरवत ती इंग्रजी शिकली, आणि तंबूत जन्मलेली पोरगी पुढे शाळेची मिस झाली. दहावीच्या वर्गात तिचा जीव अडकलेला होता. पहिला निकाल लागला त्या दिवशी ती मला म्हणाली, “गोदामात मी सहा महिन्यांत मरेन, उम्म सुहैब.” आणि ती काही वाढवून बोलणारी बाई नाही.

मी म्हटलं, मरायचं नाही, सराव करायचा.

रोज दुपारी शाळा सुटली की रिकाम्या वर्गात मी परीक्षक व्हायचे. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच, पण घड्याळ मला वाचता येतं. पहिला धडा होता विचारपूस कापण्याचा.

“सलाम केलास की लगेच कामावर ये,” मी सांगितलं.

“असं कसं? माणसासारखं माणूस समोर बसलंय. त्याची चौकशीही करायची नाही?”

“नाही.”

“आईची?”

“आईची तर नाहीच.”

“निर्लज्ज वाटतं गं,” ती म्हणाली. आठवडा लागला तो सलाम आखूड करायला. आजही मला वाटतं, तो आठवडा आम्ही एका चांगल्या बाईला उद्धट व्हायला शिकवण्यात घालवला.

दुसरा त्रास मोठा होता. ती बोलायला लागली की चौथ्या-पाचव्या शब्दाला तिला स्वतःची चूक ऐकू यायची. लगेच थांबायची, मागे जायची आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करायची. तीन मिनिटांत तीन वाक्यं होईनात. मी शेवटी वैतागले. “अगं, रस्त्यात खड्डा लागला की तू दर वेळी गाडी घरी नेतेस आणि पुन्हा निघतेस. अम्मानला पोचायचंय ना?” त्यावर ती हसली, पण सुधारली थोडीच. आमच्या भाषेत वाक्यं एकमेकांत ‘आणि, आणि’ करत लांबच लांब जातात, ऐकायला गोड लागतात. इंग्रजीत म्हणे चार शब्द बोलून थांबायचं. तिला ते थांबणं फटकून वागल्यासारखं वाटायचं. तरी महिनाभरात ती तीन मिनिटं न अडखळता बोलायला लागली. ते पाठ केलेलं होतं, पण बोलत होती.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी तिला माझी चांदीची बांगडी घातली. माझ्या आजीची आहे, जड, वर डाळिंबाच्या दाण्यांची नक्षी. “हात थरथरला तर बांगडीच्या वजनाने खाली राहील,” मी म्हटलं आणि तिला बसमध्ये बसवलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा चेहरा उजळला होता. पाठ केलेलं सगळं आठवलं होतं. परीक्षक या वेळी एक तरुण बाई होती, मिस कॅरल, गोरी, नाकावर ठिपके, देशात येऊन तीनच आठवडे झालेली. बोलणं नीट झालं, बाईंनी मान डोलावली, शेवटी हसल्यासुद्धा. मी तिला मिठी मारली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचा हात हलका आहे.

“बांगडी कुठाय?”

रुवैदाने मनगट बाहीत ओढून घेतलं. मग म्हणाली, “अगं, ती म्हणाली ना, किती सुंदर बांगडी आहे.”

पुढचं ऐकायची गरज नव्हती. आमच्याकडे कुणी तुमच्या वस्तूची तारीफ केली की ती वस्तू तुम्ही पुढे करायची. ‘तुमचीच आहे, घ्या.’ तो म्हणणार नको. तुम्ही म्हणायचं घ्याच. तो पुन्हा नको म्हणणार. तुम्ही अल्लाची शपथ घालायची. मग तो म्हणतो, ‘ती मालकिणीच्याच हातात शोभते,’ आणि वस्तू परत तुमच्या हातात येते. प्रकरण तिथे मिटतं, दोघांचाही मान राहतो. दोन वर्षांच्या पोरालाही हे कळतं. मिस कॅरलला कसं कळणार?

“तिने तसं म्हटलंच नाही,” रुवैदा सांगत होती. “मी पहिल्यांदा घ्या म्हटलं, ती म्हणाली नको नको. म्हणजे आग्रह करायला हवा ना? दुसऱ्यांदा म्हटलं, ती लाल झाली. तिसऱ्यांदा शपथ घातली तर गप्पच बसली. आता तिसऱ्यांदा गप्प बसणं म्हणजे घेतली, असंच ना? मग काढली आणि तिच्या टेबलावर ठेवून आले.”

“माझी बांगडी.”

“तुझी, हो.”

“माझ्या आजीची.”

“तू असतीस तर काय केलं असतंस?” तिने विचारलं. मीही दिली असती. शिव्या देत दिली असती, पण दिली असती.

दहा दिवसांनी पत्र आलं. निकाल नव्हता. परीक्षकाला परीक्षेच्या वेळी भेटवस्तू देण्याचा प्रयत्न केल्याची तक्रार आहे, वस्तू सीलबंद करून ठेवली आहे, पुरावा क्रमांक एक. सुनावणीला राजधानीत, अम्मानला हजर राहावं. सुनावणी इंग्रजीतून होईल, दुभाषा मिळणार नाही, कारण उमेदवार इंग्रजीच्या शिक्षिका आहेत. आरोप खरा ठरला तर वर्ग कायमचे काढून घेतले जातील. शाळेतल्या एका सहकाऱ्याने सोबत यावं. सित्त फद्वांनी हेही मोठ्याने वाचलं, पण या वेळी मधेच थांबून त्यांनी कागद घडी घालून रुवैदाच्या हातात दिला.

“लाच,” रुवैदा म्हणाली. एवढा एकच शब्द.

ती चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मला म्हणाली की ती सुनावणीला जाणार नाही, राजीखुशीने गोदामात जाईल.

“का?”

“इंग्रजीत भांडायचंय तिथे. पाठ करून भांडता येतं का? ते काय विचारतील मला आधी ठाऊक असतं का? मी एक वाक्य चुकेन, आणि मग म्हणतील, ही बघा, हिला बोलता येत नाही म्हणूनच बांगडी दिली.”

मला इतका संताप आला की मी हातातला खडू मोडला. “नाही गेलीस तर काय म्हणतील? तेच म्हणतील ना? आणि इथे गावात काय म्हणतील, उम्म लैसने लाच दिली. तुझ्या वर्गातल्या मुली पण हेच ऐकतील. चुकून ये, पण बोलून ये. सव्वीस वर्षं तू त्यांना शिकवलंस की वाक्याला कर्ता लागतो. आता तुझ्या वाक्याला तूच कर्ता हो ना, बाई.”

हे शेवटचं मी कुठून बोलले मला माहीत नाही, मी गणिताची आहे. पण ती उठून डोक्यावरचा रुमाल नीट करून निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी बसच्या वेळेला थांब्यावर माझ्या आधी उभी होती.

वाळवंटी रस्त्याने अम्मानला जाताना ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी विचारलं, पाठ करतेस का? म्हणाली, नाही, दुआ करतेय, पाठ करायचं सोडलं.

सुनावणीची खोली लहानच होती. लांब टेबलाच्या पलीकडे तीन जण. मधे तोच म्हातारा इंग्रज, त्याचं नाव मिस्टर ग्रेगरी, सगळ्या परीक्षकांचा मुख्य. एका बाजूला मिस कॅरल, मान खाली घालून. दुसऱ्या बाजूला खात्याचे डॉक्टर ग़ालिब, पिकलेल्या मिशा, इस्त्रीचा सूट, हातात पिवळ्या अंबरी मण्यांची जपमाळ. सगळा जन्म अम्मानमध्ये घालवलेला, पण ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणाले तेव्हाच मी ओळखलं, हा आमच्याच दक्षिणेकडचा माणूस. टेबलावर ते यंत्र, आणि त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत माझी आजी.

मला भिंतीशी खुर्ची दिली. मला जे कळलं ते आणि नंतर रुवैदाने बसमध्ये भरून काढलं ते, दोन्ही मिळून सांगते.

मिस्टर ग्रेगरींनी तक्रार वाचली. मग विचारलं, “तुम्ही ही बांगडी मिस कॅरलला दिलीत का?”

“हो,” रुवैदा म्हणाली.

“तीन वेळा आग्रह केलात?”

“हो. तीन वेळा.”

“का?”

आणि ती थांबली. मला तिची पाठच दिसत होती, पण मी ती पाठ सव्वीस वर्षं ओळखते. ती वाक्य शोधत होती, बिनचूक, शेवटपर्यंत उभं राहील असं. माळेचे मणी टकटक सरकत होते. डॉक्टर ग़ालिबांना दया आली असावी, ते अरबीत हळूच म्हणाले, “बोला ना बाई, माफी मागायची असेल तर मागून टाका, संपवू.”

तिथे ती पेटली. माफीचं ऐकलं आणि पेटली.

“नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी माफी नाही. मी चोर नाही. मी शिक्षिका, सव्वीस वर्ष. माझे बाप मेंढ्या, माझी आई लोकर, आमच्या घरात कुणी दार बंद नाही. माणूस येतो, आम्ही विचारतो कसा तू, तुझी आई कशी, मग बसतो, मग चहा, मग काम. तुम्ही काम पहिलं, माणूस नंतर. मला ते अवघड. पहिली परीक्षा, मी तुमची आई विचारली, मिस्टर ग्रेगरी. तुम्ही म्हणालात ‘ठीक’. एक शब्द. मी घरी जाऊन विचार केला, ही आई आजारी आहे का? मला अजून माहीत नाही.”

मिस्टर ग्रेगरींनी चष्मा काढला. “ती ब्याण्णव वर्षांची आहे,” ते म्हणाले. “बरी आहे. कमी ऐकू येतं.”

“अल्ला तिला ठेवो,” रुवैदा म्हणाली आणि न थांबता पुढे गेली. आणि इतके दिवस घड्याळ धरून बसणारी मी आता चुका मोजत होते. तेवढं इंग्रजी मलाही येतं. क्रियापद राहिलं, एक. ‘प’चा ‘ब’ झाला, दोन. भूतकाळ वर्तमानात गेला, तीन. पंधरा, वीस, तीस. आणि एकदाही, एकदाही ती मागे गेली नाही. खड्डे येत होते आणि तिची गाडी त्यांच्यावरून धडधडत चालली होती. चाळिसानंतर मी मोजायचं सोडून दिलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि बोटं दिसेनात.

तिने सगळं सांगितलं. तारीफ झाली की काय करायचं, तीन वेळा का म्हणायचं, गप्प बसणं म्हणजे काय. मिस कॅरल लिहून घेत होती. पण मिस्टर ग्रेगरी सावध माणूस. म्हणाले, “हे तुम्ही म्हणता. पण अशी प्रथा आहे हे समितीला कशावरून कळावं?”

 रुवैदाने मान वळवली आणि डॉक्टर ग़ालिबांकडे बघून अगदी साध्या आवाजात, अरबीत म्हणाली, “डॉक्टर, तुमची माळ फार सुंदर आहे.”

डॉक्टरांचा हात त्यांच्या आधी पुढे आला. “तुमचीच,” ते म्हणाले, “घ्या.”

“नको, अल्ला भलं करो.”

“असं कसं, घ्या.”

“नको हो.”

“अल्लाची शपथ, घ्यायलाच हवी, आता मी परत घेणार नाही,” डॉक्टर अर्धे उठून, माळ तिच्या हातात कोंबत म्हणाले. आणि मग ते तसेच थांबले, टेबलावर अर्धवट वाकलेले, हात पुढे, यंत्र चालू.

मिस्टर ग्रेगरींच्या तोंडाचा आ झाला होता. मिस कॅरलने पेन खाली ठेवलं.

रुवैदाने माळ दोन्ही हातांनी परत त्यांच्या तळहातावर ठेवली. “ती मालकाच्याच हातात शोभते,” ती अरबीत म्हणाली. डॉक्टर खाली बसले. मग ती मिस्टर ग्रेगरींकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, “आता लिहा. डॉक्टर ग़ालिबने मला लाच दिली. तीन वेळा. शपथ घालून.”

पहिले हसले ते डॉक्टरच. मिशांच्या आतून सुरू झालं आणि मग त्यांना आवरेना, रुमाल काढून डोळे पुसायला लागले. “लिहा, लिहा,” ते म्हणत होते, “तिचं बरोबर आहे. माझ्या आजोबांनी असाच एक घोडा घालवला होता.” मिस्टर ग्रेगरींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही त्यांना जमला नाही.

मिस कॅरल हसत नव्हती. ती बिचारी लालबुंद झाली होती. तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. नव्या माणसाने नियमाचं पुस्तक उघडलं आणि त्यात होतं ते केलं. तिने हळूच विचारलं, “मग मी त्या दिवशी काय म्हणायला हवं होतं?”

आणि इथे एक गोष्ट झाली जी मी कधी विसरणार नाही. रुवैदा पुढे सरकली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि शिकवायला लागली. “माझ्यामागे म्हणा,” ती म्हणाली. ते अरबी वाक्य तिने तोडून तोडून दिलं. मिस कॅरलच्या घशातून आमचा ‘ह’ काही निघेना. तिने तो चारदा चुकीचा म्हटला. रुवैदा प्रत्येक वेळी म्हणाली, “चांगलं. पुन्हा.” सव्वीस वर्षांत मी तिला चुकीच्या उच्चाराला चांगलं म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. पाचव्यांदा मिस कॅरलला जमलं. तिने पिशवीचं सील फोडलं, बांगडी काढली, ते वाक्य म्हणाली आणि बांगडी रुवैदाच्या मनगटात घातली. मी भिंतीशी बसून मोठ्याने म्हटलं, “मालकीण इकडे आहे,” पण अरबीत, आणि फक्त डॉक्टरांना कळलं.

तक्रार रद्द झाली. मिस्टर ग्रेगरींनी तसं लिहिलं आणि सही केली. मग ते म्हणाले, “निकालाचं अजून राहिलंय.” रुवैदा पुन्हा ताठ झाली. त्यांनी तिच्या दुसऱ्या परीक्षेचा कागद काढला. “मी ते रेकॉर्डिंग ऐकलंय,” ते म्हणाले. “फार कमी चुका. आणि मला वाटलं, हे पाठ केलेलं आहे.”

“हो,” ती म्हणाली. “पाठ.”

“त्याच्यावर मी तुम्हाला पास करू शकलो नसतो.” त्यांनी यंत्राकडे बोट केलं. “पण आज तुम्ही सव्वीस मिनिटं बोललात. तयारी नव्हती, दुभाषा नव्हता आणि आम्ही तिघं विरुद्ध बाजूला होतो. चुका पुष्कळ आहेत. मला एकही वाक्य दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. मी याच्यावर गुण देणार आहे, आणि मिस कॅरलची हरकत नसावी.”

मिस कॅरलने हरकत नाही म्हणून जोरात मान हलवली. गुण लिहिले गेले. पास व्हायला लागतात त्यापेक्षा बरेच वर. रुवैदाने कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिला बोलता येईना. तेव्हा मी उठले आणि तिच्या वतीने मला येणारं सगळं इंग्रजी बोलले, “थँक यू.”

बसमध्ये ती करकपर्यंत बोलत होती. काय काय म्हणाली, कुठे चुकली, हे सगळं, आणि प्रत्येक चूक सांगताना हसत होती. मी तिला इतकं बोलताना तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळा भरली. पहिला तास तिचा दहावीवर होता आणि दुसरा माझा, म्हणून मी वेळेवर हजेरीचं पुस्तक घेऊन वर्गाच्या दाराशी गेले. आतून रुवैदाचा आवाज येत होता, इंग्रजीत. सुनावणीची गोष्ट सांगत होती ती, भराभर, हातवारे करून. मुली अशा बसल्या होत्या की जणू बाईंना ताप चढलाय. मग मागच्या बाकावरच्या शह्दने हात वर केला. वर्गातली सगळ्यात भित्री मुलगी, नाव विचारलं तरी जिचे कान लाल होतात.

“मिस,” ती अरबीत म्हणाली, “तुम्ही आत्ता चुकलात.”

वर्ग गार पडला. मीही. सव्वीस वर्षांत कुणी हे वाक्य त्या खोलीत उच्चारलं नव्हतं.

“हो,” रुवैदा इंग्रजीत म्हणाली. “चुकले. उद्या पण चुकेन. तू बरोबर कसं ते सांग. इंग्रजीत.”

शह्द उभी राहिली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जे बोलली त्यात तीन चुका होत्या.

“चांगलं,” रुवैदा म्हणाली. “बसू नको. आणखी बोल.”

आणि ती पोरगी बोलायला लागली. मग तिच्या शेजारची. मग दोघी एकदम. माझा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. मी हजेरीचं पुस्तक छातीशी धरून बाहेर वाऱ्यात उभी राहिले आणि दार वाजवलं नाही.